नव्या प्राध्यापकांना घडवायचं, आणि अहवालही आपणच लिहायचा?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: नागपुरातल्या एका विद्यापीठ विभागात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. नोकरी पंचवीस वर्षांहून अधिक झाली, निवृत्ती जवळ आली आहे. यंदा विभागात तीन सहायक प्राध्यापक रुजू झाले आणि त्यांना 'तयार करण्याचं' काम विभागप्रमुखांनी या मॅडमकडे दिलं. दर शनिवारी दोन तास त्या अध्यापनाची तत्त्वं, ब्लूमची वर्गवारी (शिकण्याच्या उद्दिष्टांची पातळीवार मांडणी), पाठ नियोजन, मूल्यमापन असे विषय घेतात. तिघं येतात, सही करतात, मान डोलवतात आणि सोमवारी वर्गात जाऊन पुन्हा पीपीटी वाचून दाखवतात. त्यांतल्या एक नुकत्याच पीएच.डी. झाल्या आहेत. तास पाहिल्यावर चुका सांगितल्या, तर त्या रडल्या. दुसरे सर चाळिशी ओलांडलेले, बरीच वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढलेले. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवून राहिल्या, पण आमच्या टाइमटेबलकडे कोण पाहून राहिलं?" तिसऱ्यांबद्दल 'त्यांची काही तक्रार नाही' एवढंच लिहिलं आहे. तिघांच्या परिवीक्षेच्या, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या काळाच्या अहवालासाठीही मॅडमनाच लिहून द्यायचं आहे. त्या विचारतात: "आम्ही आमच्या सरांच्या मागे बसून शिकलो. या पिढीला शिकायचंच नाही का? ही जबाबदारी सोडून द्यावी, की अहवालात आहे ते स्पष्ट लिहावं, म्हणजे जाग येईल?"

मॅडम,

परिवीक्षेच्या अहवालाची गोष्ट तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलीत. माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तीच आहे आणि शनिवारच्या वर्गांचं जे झालं, त्याचं बरंचसं कारणही तिथेच सापडतं. आपल्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिणाऱ्या व्यक्तीसमोर कोणता प्राध्यापक म्हणेल, "हा घटक मला स्वतःलाच नीट उलगडलेला नाही"? तो मान डोलवेल. तुम्हाला ती अनास्था वाटते, मला तो सावधपणा वाटतो. ज्या मॅडम रडल्या, त्या चुका ऐकून रडल्या की चुका आता कागदावर जाणार म्हणून रडल्या? एकदा त्यांनाच विचारून पाहा.

बी.एड.च्या सराव पाठात निरीक्षक मागच्या बाकावर बसतो, वहीत शेरा लिहितो, गुणही देतो, आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. तिथे सगळेच छात्राध्यापक असतात, शिकायलाच आलेले असतात. तुमचे तिघं नोकरीला आले आहेत. मदत करणारा हात आणि गुण देणारा हात एकच असेल, तर माणूस मदत घेत नाही, दडवायला शिकतो. म्हणून विभागप्रमुखांशी बोलताना पहिली मागणी हीच करा: मार्गदर्शन माझ्याकडे राहू द्या, अहवाल दुसऱ्या कुणाकडून घ्या. किंवा अहवाल माझ्याकडे ठेवा आणि मार्गदर्शन दुसऱ्याकडे द्या. दोन्हींतलं एक.

आता 'नवे' या शब्दाबद्दल. तुमच्या तिघांपैकी एक जण मुळीच नवा नाही. तासिका तत्त्वावर शिकवणं म्हणजे काय, हे आपल्या विदर्भात वेगळं सांगायला नको. एका सत्रात काटोल, पुढच्या सत्रात उमरेड, मानधन तासांवर, तेही महिनोन्महिने उशिरा, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. अशा माणसाने तुमच्यापेक्षा जास्त प्रकारचे वर्ग पाहिलेले असू शकतात. त्याला पाठ नियोजनाची तत्त्वं पहिल्यापासून सांगायला बसलो, तर त्याचा राग टाइमटेबलच्या नावाने बाहेर येणारच. त्या वाक्यात उद्धटपणा थोडा असेलही. प्रश्न मात्र खरा आहे. त्याकडे मी पुढे येतो.

'आम्ही सरांच्या मागे बसून शिकलो' हेही जरा तपासून घेऊ या. तुम्ही शिकलात, यात शंका नाही. पण तुमच्या बरोबरीने त्याच सरांच्या मागे बसलेले आणि काहीही न शिकलेले लोकही असतील. त्यांतले काही तीस वर्षं पिवळ्या पडलेल्या नोट्स सांगत निवृत्त झाले. ते सल्ला मागणारी पत्रं लिहीत नाहीत, म्हणून ती पद्धत सगळ्यांना फळली असं वाटतं. पिढीचा दोष काढायचा तर खाली नव्हे, वर बघायला हवं. आपल्याकडे शाळेत शिकवायला डी.एड. किंवा बी.एड. लागतं. विद्यापीठात शिकवायला नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते, शिकवायचं प्रशिक्षण लागत नाही. नेटच्या पहिल्या पेपरात 50 प्रश्न असतात आणि अध्यापन अभिक्षमता हा त्यातल्या दहा घटकांपैकी एक. पुढे नोकरीत आल्यावर पदोन्नतीच्या पहिल्या टप्प्यासाठी 2018 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी 21 दिवसांचा ओरिएंटेशन अभ्यासक्रम मागितला आहे. तो होईपर्यंत माणूस वर्गात उभा राहिलेला असतो आणि त्याच्या सवयी लागून गेलेल्या असतात.

त्या अभ्यासक्रमांचं वातावरण तुम्हीही अनुभवलं असेल. रिसोर्स पर्सन येतात, पुष्पगुच्छ होतो, 'विद्यार्थिकेंद्री अध्यापन' या विषयावर दीड तास अखंड भाषण होतं, समूह छायाचित्र, चहा, प्रमाणपत्र. मी थट्टा करतोय, पण फार नाही. शनिवारच्या तुमच्या दोन तासांची विषययादी वाचून मला तीच आठवली. 1956 साली ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मांडलेली वर्गवारी उपयोगाची आहेच, अभ्यासक्रमाची उद्दिष्टं लिहिताना ती लागते, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालय-विद्यापीठांच्या मूल्यांकनाच्या फायलीतही लागते. पण मंगळवारी सकाळी एम.ए.च्या पहिल्या सत्राला मागणीचा नियम शिकवायचा आहे, त्या माणसाच्या पोटातला गोळा तिने जात नाही.

मग तुमच्याकडे असं काय आहे, जे पुस्तकात किंवा ऑनलाइन कोर्समध्ये मिळत नाही? मुलं कुठे अडखळतात, हे तुम्हाला माहीत आहे. 1986 मध्ये ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने हेच मांडलं: विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रं वेगळी, आणि या विषयातला हा घटक शिकताना नेमकं काय अवघड जातं, कोणतं उदाहरण लागू पडतं, याचं ज्ञान तिसरं. नवीन पीएच.डी. झालेल्या मॅडमकडे पहिलं भरपूर असतं. दुसरं शनिवारी मिळतं. तिसरं फक्त तुमच्यासारख्यांकडे असतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगण्यासारखं काही आहे, असं तुम्हाला वाटतही नाही.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेतो. संत्र्याच्या आंबिया बहाराची आवक वाढते, कळमन्याच्या बाजारात भाव उतरतो, लोक जास्त संत्री नेतात. दुसरीकडे, उन्हाचा चटका वाढतो आणि भाव तोच असूनही रसवाले जास्त संत्री उचलतात. दोन्हींबद्दल मुलगा लिहितो, "मागणी वाढली." पहिल्यात मागणीचं विचलन आहे, म्हणजे त्याच वक्रावर खाली सरकणं. दुसऱ्यात मागणीतला बदल आहे, म्हणजे वक्रच उजवीकडे जाणं. बारावीच्या पुस्तकात हा फरक आहे, मुलं व्याख्या पाठही म्हणून दाखवतात आणि एम.ए.ला आल्यावरही उत्तरात तीच चूक करतात. कोणत्या ओळीवर मुलांच्या चेहऱ्यावरून कळतं की गाडी रुळावरून घसरली, आधी संत्र्याचं उदाहरण घ्यावं की आधी आकृती काढावी, रसवाल्यांचा प्रश्न कधी टाकावा, हे तुम्ही इतक्या वर्षांत शिकलात. ते तुम्ही त्या मॅडमना कधी सांगितलंत का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

हे भाषणातून देता येत नाही, एकत्र काम करताना जातं. म्हणून माझी मुख्य सूचना: शनिवारचे वर्ग बंद करा आणि त्या वेळात अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका घेऊन चौघं एका टेबलाभोवती बसा. तपासायला नव्हे, वाचायला. एकच प्रश्न निवडा आणि दहा-पंधरा उत्तरं काढा. गुण बाजूला ठेवून एवढंच शोधा की मुलं चुकली कशी. चुकांचे दोन-तीन ढीग आपोआप पडतील. मग विचारा, हा ढीग पडू नये म्हणून वर्गात काय करता आलं असतं? पहिलं उत्तर तुम्ही देऊ नका. सीएचबीवाल्या सरांना बोलू द्या. शंभर मुलांच्या बी.ए.च्या वर्गात माइक नसताना हा घटक त्यांनी कसा रेटला, हे ऐकण्यासारखं असेल. या बैठकीची गंमत अशी की चूक मुलांची आहे, प्राध्यापकांची कुणी काढत नाहीये. त्यामुळे तोंडं उघडतात. पुढच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका काढायलाही असंच बसता येईल: 'या प्रश्नाला घोकून उत्तर देता येईल का?' एवढा एक प्रश्न धरून बसलात तरी तास कसा गेला ते कळणार नाही.

आता तास पाहण्याबद्दल. तुम्ही त्यांचे तास पाहिलेत. त्यांनी तुमचा पाहिला का? आधी त्यांना बोलवा, आणि हमखास रंगणारा तास दाखवू नका, दरवर्षी तुम्हालाच अवघड जाणारा घटक दाखवा. नंतर विचारा, 'मुलं कुठे सुटली?' ज्येष्ठ माणसाचा तास पाहून खरं बोलायची मुभा मिळाली की स्वतःचा तास दाखवायची धास्ती बरीच कमी होते.

त्यांच्या तासाला जाल तेव्हा आदल्या दिवशी विचारा, 'मी कशाकडे लक्ष देऊ?' तेवढ्याकडेच लक्ष द्या. वहीत प्राध्यापकाबद्दल काही लिहू नका, मुलांबद्दल लिहा: अकरा वाजून दहा मिनिटांनी मागच्या दोन रांगांनी लिहिणं थांबवलं. प्रश्न चार विचारले, चारही वेळा पहिल्या बाकावरच्या मुलीनेच उत्तर दिलं. 'तुमचा आवाज पोचत नाही' यावर वाद होऊ शकतो, 'शेवटच्या रांगेतली मुलं एकमेकांच्या वहीत बघत होती' यावर होत नाही. त्याच दिवशी बोला, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको, कॅन्टीनला चहा घेत. आणि एकच गोष्ट बोला. तुम्हाला सात दिसल्या असतील, सहा पोटात ठेवा. रडलेल्या मॅडमना तुम्ही त्या दिवशी किती गोष्टी सांगितल्या होत्या?

पीपीटीबद्दलचा तुमचा संताप मला पटतो. पण पीपीटी वाचून दाखवणारा माणूस बहुतेक वेळा आळशी नसतो, घाबरलेला असतो. पडद्यावर वाक्य असलं की पुढचं वाक्य विसरायची भीती नसते. मुलांकडे बघावं लागत नाही. इंग्रजीतून शिकून आलेल्या मॅडमसमोर काटोलचा मराठी माध्यमाचा मुलगा, कामठीची हिंदी बोलणारी मुलगी आणि गोंदियाहून आलेली तिसरीच मंडळी असतील, तर कोणत्या भाषेत किती समजवायचं हाही प्रश्न असतो. 'पीपीटी बंद' असं फर्मान काढलं, तर त्यांच्या हाताला धरायला काही उरत नाही. त्यापेक्षा सांगा की एका तासात एक आकृती फळ्यावर काढायची आणि ती काढताना मुलांना पुढचा बिंदू विचारायचा. बाकी पीपीटी राहू द्या. फळ्यावरचा खडू चालायला लागला की पडदा हळूहळू आपोआप मागे पडतो.

आणखी एक छोटी गोष्ट, जी कुणीही उद्या करून पाहू शकेल. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गातली शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, वर्गासमोर उभं राहून मोजले की घाम फुटतो. तिघांनाही करून पाहायला सांगा. तुम्हीही करा.

सूक्ष्म अध्यापनाचा, म्हणजे काही मिनिटांचा छोटा पाठ घेऊन सराव करण्याचा विचार तुमच्या मनात आला असेल. एनसीईआरटीने भारतात रुजवलेलं चक्र 36 मिनिटांचं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं पुन्हा तयारी, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा अभिप्राय. पद्धत चांगली आहे, तिचा जीव 'पुन्हा पाठ' या भागात आहे. पण रुजू झालेल्या प्राध्यापकांवर ती लादू नका. कुणी स्वतःहून म्हटलं तर रिकाम्या वर्गात घ्या. सीएचबीवाल्या सरांना तर सुचवूही नका.

त्यांच्या टाइमटेबलकडे आता येतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी आणि प्राध्यापकांना 14. कागदावर फरक दोनच तासांचा. खरा फरक कोणाला कोणता पेपर मिळतो, यात आहे. बहुतेक विभागांत वरिष्ठांचे पेपर ठरलेले असतात आणि उरतं ते नव्यांच्या ताटात येतं: संख्याशास्त्र, गणितीय अर्थशास्त्र, अर्थमिती, शिवाय धोरण बदललं म्हणून नव्याने आलेले पेपर. एकाच सत्रात तीन पेपर पहिल्यांदा शिकवणारा माणूस रात्री एक वाजेपर्यंत पीपीटी करतो आणि सकाळी ती वाचून दाखवतो. त्याला पाठ नियोजनाचं व्याख्यान देण्यापेक्षा एक पेपर तुम्ही घ्या आणि तुमचा हातखंडा असलेला एक त्याला द्या, तुमच्या टिपणांसकट. हे जड जाईल, मला कल्पना आहे. पण प्रशिक्षणाच्या नावाखाली करता येण्यासारखं सगळ्यात ठोस काम हेच आहे. शिवाय प्रवेशाचं काउंटर, नॅकचं निकषवार काम, परीक्षेची ड्युटी यातलं किती तिघांवर पडलंय, याची यादी करून विभागप्रमुखांसमोर ठेवा. तुमचा शब्द तिथे चालतो, त्यांचा अजून चालत नाही.

त्या सरांना बोलवून एवढंच म्हणा, 'तुमचा प्रश्न बरोबर होता, चला टाइमटेबल घेऊन बसू.' सगळ्यांसमोर बोलल्याबद्दल नाराजी सांगायची असेल तर तीही सांगा, पण टाइमटेबल बघून झाल्यावर. मग उत्तरपत्रिकांच्या बैठका चालवण्यात त्यांना भागीदार करा.

आणि ज्यांची 'काही तक्रार नाही' ते तिसरे? तक्रार नसणं म्हणजे बरं चाललंय, असं धरून चालू नका. तिघांतला गप्प माणूस सगळ्यात शेवटी मदत मागतो.

हे वाचणाऱ्या नव्या प्राध्यापकांसाठीही दोन ओळी: कुणी मार्गदर्शक नेमायची वाट पाहू नका. विभागातल्या ज्या मॅडमचे किंवा सरांचे तास मुलं बुडवत नाहीत, त्यांच्याकडे जाऊन 'तुमच्या तासाला बसू का?' विचारा. नकार क्वचित मिळतो. जाताना 'तुम्ही कसं शिकवता' असं मोघम विचारू नका. 'या घटकात मुलं कुठे चुकतात?' विचारा.

आता तुमचे दोन पर्याय. जबाबदारी सोडणं हा कमीपणा नाही, पण रागाने सोडू नका. विभागप्रमुख मदत आणि अहवाल वेगळे करायला तयार नसतील आणि टाइमटेबललाही हात लावू देणार नसतील, तर 'या अटींवर हे काम माझ्याकडून नीट होणार नाही' असं लेखी कळवा. अहवालातून जाग आणण्याचा पर्याय मला अजिबात पटत नाही. परिवीक्षेतल्या माणसाला अहवालाने जाग येत नाही, धास्ती बसते आणि धास्तावलेला माणूस पीपीटीला आणखी घट्ट धरतो. याला अपवाद आहे. कुणी तास बुडवत असेल, अर्धा अभ्यासक्रम सोडून देत असेल, मुलांशी नीट वागत नसेल, तर ते अननुभव नव्हे, कामचुकारपणा आहे. तिथे मार्गदर्शक म्हणून गप्प बसायचं कारण नाही. विभागप्रमुखांना तेव्हाच सांगा, वर्षअखेरच्या कागदाची वाट पाहू नका.

अहवाल शेवटी तुम्हालाच लिहावा लागला, तर 'अध्यापन कौशल्य समाधानकारक नाही' असलं वाक्य टाळा. कोणत्या तारखेच्या तासात काय दिसलं, त्यावर काय बोलणं झालं, नंतरच्या तासात काय बदललं किंवा बदललं नाही, एवढंच लिहा. लिहिलेलं आधी त्या व्यक्तीला दाखवा, तिचं म्हणणं शेजारी लिहून घ्या, सही घ्या आणि मगच विभागप्रमुखांकडे द्या. पहिल्या तासाची नोंद करायच्या आधीच तिघांना ही पद्धत सांगून ठेवा.